चौथ्या चरणात कोण बसते

‘मला कंटाळा आला आहे’ हे वाक्य वाचून कुणालाही कंटाळा येत नाही. ती बातमी झाली. बातमी देऊन कवितेचे भागत नाही. तिला तो कंटाळा वाचणाऱ्याच्या कानात आणि श्वासात आणून सोडावा लागतो. कंटाळा हे मुळात वेळेचे दुखणे, आणि छंद म्हणजे मोजलेली वेळ. म्हणून हे काम कवितेला जमण्यासारखे आहे. मात्रा, यती, यमक, पालुपद ही सगळी पुढे काय येणार याची वाट पाहायला लावतात. ते वाट पाहणे कवी नासवतो कसे, याच्या तऱ्हा इथे टिपून ठेवतो आहे. क्रम सुचेल तसा.

*

विंदा करंदीकरांच्या ‘तेच ते’पासून सुरुवात करणे भाग आहे. कंटाळ्याची कविता म्हटली की मराठी माणसाला तीच आठवते. सकाळच्या दंतमंजनापासून सुरू झालेली यादी चहा, गाणी, माणसे, खानावळी, शरीरसुख असे करीत थेट मरणापर्यंत जाते आणि दर थोड्या अंतराने पालुपद येऊन सगळ्यांवर एकच शिक्का मारते. यादी सगळ्यांच्या लक्षात राहते. ती बांधली कशी, इकडे फारसे लक्ष जात नाही.

सुरुवातीच्या ओळींत क्रियापदच नाही. ‘आहे’ गाळून बोलण्याची मराठीला जुनी सवय आहे, तिचा विंदांनी पुरेपूर फायदा घेतला. वस्तूंची नावे एकामागून एक येत राहतात. कुणी काही करीत नाही, काही घडत नाही. क्रियापद गेले की काळही जातो. सकाळ आणि रात्र ही नावे तेवढी उरतात.

मग ते दर्शक सर्वनाम. पुल्लिंगी नामापुढे ‘तोच’, स्त्रीलिंगी आले की ‘तीच’, नपुंसकलिंगी आले की ‘तेच’. व्याकरणाने लादलेला हा फरक कानाला सारखा ऐकू येत राहतो आणि अर्थात कणभरही भर पडत नाही. बदलाचा आवाज होतो, बदल होत नाही. ज्या भाषेत नामाला लिंग नाही त्या भाषेत ही गोष्ट साधलीच नसती.

यमकाचे तर त्यांनी कामच उलटे केले आहे. एरवी दोन लांबच्या गोष्टी यमकात अचानक भेटतात आणि त्या भेटीने मन हरखते. इथे प्रत्येक भेट म्हणजे एक निवाडा: हेही शेवटी त्याच्यासारखेच. मूर्ख माणसे आणि शहाणी माणसे एकाच तालात चालू लागली की त्यांच्यातला फरक आपोआप मरतो.

*

तरी ‘तेच ते’ ऐकताना सभागृह कंटाळत नसे. विंदा, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव एकत्र काव्यवाचन करीत. विंदांच्या तोंडून ही कविता ऐकलेले लोक आजही तिच्याबद्दल उत्साहाने बोलतात. याचे कारण तिचा वेग. कंटाळा संथ असतो. ही कविता धावते. तिच्यात चीड आहे, आणि चिडणारा माणूस अजून रिता झालेला नसतो. मला ती कंटाळ्याविरुद्धची कविता वाटते. कंटाळ्याच्या आतून बोलणारी कविता शोधायची तर मर्ढेकरांकडे जावे लागते.

*

मर्ढेकरांचा कारकून. सकाळी उठून चहाकॉफी, विजेवरची गाडी, साहेबापुढे लाचारी, दुपारचे जेवण, संध्याकाळी पोराबाळांवर न घसरण्याची खबरदारी, रात्री काळजीने पोखरलेली झोप, आणि शेवटी ज्याची त्याने ओढायची विडी. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही. टी. ते कुर्ला अशी धावली. मर्ढेकरांच्या कवितेत ती आली तोवर तिची नवलाई ओसरली होती. कारकुनाचा एक दिवस एवढाच विषय, आणि मोजकी कडवी.

छंद आहे मोठ्या अभंगाचा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक, चौथा चरण आखूड. पहिल्या तीन चरणांत श्वास चढत जातो आणि चौथ्यावर येऊन टेकतो. शतकानुशतके या चार अक्षरांच्या जागेवर मराठी कानाने देवाचे नाव ऐकले, नाहीतर त्याच्या पायाशी पोचल्याची खूण ऐकली. ‘पांडुरंग’ बरोबर चार अक्षरांत बसतो. मर्ढेकरांच्या अभंगात त्या जागी पहिल्या कडव्यात लोकलगाडी येते आणि शेवटच्या कडव्यात विडी. देव्हारा जागच्या जागी आहे, आतली मूर्ती कुणीतरी उचलून नेली आहे. ‘जीवन पोकळ झाले’ असे सांगणारा शब्द कवितेत कुठेही आलेला नाही. पोकळी चौथ्या चरणात ऐकू येते, कारण तिथे पूर्वी कोण बसत असे हे कानाला ठाऊक असते.

*

त्याच कवितेतली क्रियापदे. संतांनी उपदेश विध्यर्थात केला: नाम घ्यावे, शरण जावे, वाईट बोलू नये. मर्ढेकर तोच विध्यर्थ चहाला आणि गाडीला लावतात. काय करावे, काय करू नये, याची ही एका दिवसाची पोथी आहे. रीत उपदेशाची, आज्ञा मात्र नेमकी कुणाची ते कळत नाही. ‘मी करतो’ असे लिहिले असते तर ती एका कारकुनाची तक्रार झाली असती. ‘करावे’ म्हटल्यावर ती सगळ्यांची साधना झाली.

आणि नाममुद्रा नाही. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी सही येते. हे कुणाच्या अनुभवातून आले ते तिथे कळते, त्या अनुभवाची जबाबदारी कुणीतरी घेतो. कारकुनाच्या अभंगात कुणी म्हणत नाही. शेवटचे कडवे इतर कडव्यांसारखेच येते आणि थांबते. सहीची जागा मोकळी राहिली आहे हे मोठ्याने वाचताना जास्त जाणवते.

याला अभंगाचे विडंबन म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. विडंबनकाराला मूळ रचनेचे हसे करायचे असते. मर्ढेकरांच्याच संग्रहात कळवळून केलेली प्रार्थनाही आहे. संतांचा छंद त्यांना थट्टेसाठी नको होता. जी गोष्ट हरवली ती केवढी होती हे मोजायला त्यांना तेच माप हवे होते.

*

पुनरावृत्तीने कंटाळा येतो, हे सूत्र अर्धवट आहे. जात्यावरची ओवी घ्या. पहाटेच्या अंधारात तोच खुंटा, तेच वर्तुळ, रोजचे दळण. ओव्यांची सुरुवातही किती ठरलेली! तरी ओवीत कंटाळा नाही. कष्ट आहेत, सासुरवासाचे दुःख आहे, संतापही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या वाचत गेले की एक गोष्ट सतत दिसते: जवळजवळ प्रत्येक ओवी कुणाशी तरी बोलते. भाऊ, आई, लेक, शेजीबाई, सीता, विठ्ठल. दळणारी बाई एकटी असते, ओवी एकटी नसते.

म्हणजे नामजप, ओवी, अभंग आणि ‘तेच ते’ यांच्यात पुनरावृत्ती सारखीच आहे. फरक आहे तो समोर कुणी आहे की नाही याचा. ऐकणारा काढून घेतला की तेच आवर्तन रिकामे फिरू लागते. पुढची सगळी टिपणे या एका गोष्टीवर तपासून पाहिली पाहिजेत.

*

मर्ढेकरांची उंदरांची कविता आणि बालकवींची ‘फुलराणी’ यांच्या मात्रा मोजून पाहाव्यात. दोन्हींच्या ओळी सोळा सोळा मात्रांच्या, पादाकुलकाच्या चालीच्या. हिरवळीवर खेळणारी कळी ज्या पावलांनी चालते त्याच पावलांनी पिंपातले मेलेले उंदीर येतात. ‘फुलराणी’ पाठ असलेल्या पिढीच्या कानावर ही कविता पडली तेव्हा काय झाले असेल? अर्थ कळण्याआधी चाल ओळखीची वाटली असणार, आणि त्या चालीत जे येऊन बसले त्याने अंगावर काटा आला असणार. छंद मोडला असता तर एवढा धक्का बसला नसता. पावले न चुकता पडत राहतात, त्यात जीव नसतो.

एक विशेषण मात्र त्यांनी जागेवरून हलवले आहे. ते आपल्या नामाजवळ नाही. मध्ये क्रियापद घुसले आहे. या तुटलेल्या शब्दक्रमावर पुष्कळ वाद झाले. मला त्याचा परिणाम महत्त्वाचा वाटतो. वस्तू आणि तिचा गुण यांची जोडी सुटली आहे, आणि गुण ओळीत कुणाचाच नसल्यासारखा पडून आहे.

दोघेही कवी खानदेशचे. बालकवी धरणगावचे, मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा. १९१८ साली बालकवी गेले तेव्हा मर्ढेकर शाळकरी वयाचे होते. ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. मध्ये तीस वर्षेही गेली नव्हती.

*

मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात लयीचे तीन प्रकार सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. हे त्यांच्याच कवितेला लावून पाहायला हवे. निव्वळ संवाद, म्हणजे सारख्याशेजारी सारखे, हाच कंटाळ्याचा सांगाडा. पण तेवढ्यावर कविता उभी राहत नाही. तिला विरोध लागतो. विंदा तो विरोध वेगातून मिळवतात, मर्ढेकर छंद आणि विषय यांच्या अंतरातून. जी कविता कंटाळ्याबद्दल बोलताना स्वतःही फक्त कंटाळवाणी होते ती विरोध विसरलेली असते. साठोत्तरी लघुनियतकालिकांतल्या पुष्कळ कवितांचे असे झाले आहे. शहर, सिगारेट, निरर्थकता, सगळे आहे, लय नाही. वाचणारा कंटाळतो, पण तो कवीचा कंटाळा नसतो.

*

बोदलेअरच्या ‘ले फ्लर द्यु माल’ला (१८५७) वाचकाला उद्देशून लिहिलेली एक प्रस्तावनेची कविता आहे. तीत तो माणसाच्या दुर्गुणांची प्राणीशाळा दाखवतो आणि सगळ्यांत ओंगळ दुर्गुण म्हणून शेवटी कंटाळ्याला उभे करतो. हा कंटाळा आरडाओरडा करीत नाही. तो हुक्का ओढत बसलेला असतो आणि फाशीच्या तख्तांची स्वप्ने पाहत असतो. एका जांभईत जग गिळून टाकील अशी त्याची शक्ती. आळशी, सौम्य, आणि आतून खुनी. कंटाळ्याची यापेक्षा भेदक मूर्ती मी कुठल्या कवितेत पाहिलेली नाही.

पण प्रस्तावनेत कंटाळा दिसतो. तो अंगावर येतो पुढे, ‘स्प्लीन’ या एकाच नावाच्या चार कवितांपैकी चौथीत. तिची पाच कडवी आहेत. पहिली तिन्ही ‘जेव्हा’ने सुरू होतात. जेव्हा आभाळ झाकणासारखे खाली येते, जेव्हा पृथ्वी ओलसर कोठडी होते, जेव्हा पाऊस तुरुंगाच्या गजांसारखा लांबतो. बारा अवयवांच्या लांब ओळी, आणि मुख्य वाक्याचा पत्ता नाही. गौण वाक्यांवर गौण वाक्ये चढत राहतात. मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण ‘जेव्हा’ कानावर पडला की तो ‘तेव्हा’ची वाट पाहू लागतो. बोदलेअर त्या वाट पाहण्यावर तीन कडवी बसून राहतो. चौथ्या कडव्यात एकदम घंटा उसळून घणघणतात आणि वाक्य फुटते. पण सुटका होत नाही. पाचव्यात आशा हरते. वाक्यरचनेनेच माणसाला एवढा वेळ कोंडून ठेवता येते, हे मला या कवितेने शिकवले.

*

त्याच्या शेजारी फिलिप लार्किनची ‘मिस्टर ब्लीनी’ ठेवली पाहिजे. भाड्याची एक खोली, आखूड पडदे, खिडकीबाहेर पडीक जमीन, साठ वॅटचा दिवा. आधीचा भाडेकरू काय खात असे, सुटीत कुठे जात असे, सगळे घरमालकिणीकडून कळते. शेवटची दोन कडवी म्हणजे एकच लांब वाक्य: तोही असाच उभा राहून वारा पाहत असेल का, आपण कसे राहतो त्यावरून आपली किंमत ठरते असे त्यालाही वाटले असेल का. वाक्य वाढत जाते, वाचणाऱ्याला वाटते आता काहीतरी हाती लागणार, आणि मुख्य क्रियापद शेवटच्या काही शब्दांत येते: बोलणाऱ्याला ते माहीत नाही, एवढेच सांगायला. एवढी चढण चढवून वर काहीच नाही. बोदलेअरकडे निदान घंटा तरी वाजल्या.

*

व्हर्लेनची पावसाची कविता, १८७४. शहरावर पाऊस, मनात पाऊस. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द चौथ्या ओळीच्या शेवटी तसाच परत येतो, आणि दुसऱ्या ओळीला जोडीदार यमक नाही. शब्दाचे यमक स्वतःशीच, आणि एक ओळ कायम सोबतीवाचून. दुःखाला कारण नाही हे सांगण्याचे काम त्या यमकाने आधीच केलेले असते.

*

एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये (१९२२) छंद मोडतात, भाषा बदलतात, आवाज तुटतात. पण तिसऱ्या भागात टायपिस्ट मुलगी संध्याकाळी घरी येते, डबाबंद अन्न काढते, तिच्याकडे एक तरुण येतो आणि प्रेमाविना सगळे उरकून जातो, तिथे कविता हळूहळू आलटूनपालटून जुळणाऱ्या नियमित यमकांत शिरते. इतरत्र एवढी मोडतोड करणारा कवी याच ठिकाणी एवढा नीटस का होतो? तिथे घडणाऱ्या गोष्टीला नियमच तेवढा उरला आहे, म्हणून. यमके वेळेवर येतात, माणसे कुठेच नसतात. शेवटी तिचा हात आपोआप ग्रामोफोनकडे जातो. कारकुनाला अभंग देणाऱ्या मर्ढेकरांची आठवण इथे हटकून होते. ‘द वेस्ट लँड’ येऊन काही वर्षे झाल्यावर, १९२९ ते १९३३ या काळात, ते लंडनला होते.

*

उदासी आणि कंटाळा यांची गल्लत करू नये. बालकवींच्या ‘पारवा’त उदासी आहे, ग्रेसच्या कवितेत तर तिची समृद्धी आहे. उदास माणसाने काहीतरी गमावलेले असते, म्हणून त्याला प्रतिमा सुचतात. ग्रेसच्या ओळीत संध्याकाळ, नदी, आई, देऊळ एकमेकांत मिसळून दाटून येतात. कंटाळलेल्याला एक गोष्ट दुसरीसारखी वाटण्याचाही उत्साह नसतो. बोदलेअर सोडला तर कंटाळ्याच्या कवितेत उपमा क्वचितच सापडतात, सापडल्या तर पडेल. नामे मात्र भरपूर असतात.

*

दिलीप चित्र्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही इंग्रजीत लिहिलेली कविता. रात्रीची उशिराची लोकल, पिवळा उजेड, उपनगरे डोळ्यांसमोरून जातात आणि बापाला दिसत नाहीत. ओला सदरा, चिखलाचे डाग पडलेला रेनकोट, पुस्तकांनी फुगून उसवू लागलेली पिशवी. मग घर: फिका चहा, शिळी चपाती, पुस्तक, रेडिओची खरखर, आणि मुले जी त्याच्याशी काही बोलत नाहीत. बारा ओळींचे दोन सारखे भाग, एक गाडीचा आणि वाटेचा, एक घराचा. त्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे घराचा उंबरठा. दोन्ही भाग सारख्या लांबीचे आहेत, आणि घरात आल्यावर काहीच बदलत नाही हे त्या सारखेपणातून कळते.

‘तेच ते’त क्रियापद नाही, इथे क्रियापदांची रांग आहे. उतरतो, चालतो, पितो, खातो, वाचतो. एवढे सगळे करणारा माणूस एकाही क्रियेत हजर नाही. इंग्रजीतला साधा वर्तमान रोजचे आणि आत्ताचे दोन्ही एका रूपात सांगतो, त्यामुळे ही एकाच रात्रीची हकीगत की हजार रात्रींची, हे ठरवता येत नाही. मराठीत याच्यासाठी रीतिभूतकाळ होता: येई, जाई, बसे, बोले. जुन्या गद्यात आणि आठवणींच्या पुस्तकांत तो अजून भेटतो. आजची कविता तो फारसा वापरत नाही, याची मला खंत आहे. रोजच्या आयुष्याचा एवढा अचूक काळ आपल्या भाषेने घडवला आणि नेमक्या रोजच्या आयुष्याच्या कवींनी तो बाजूला ठेवला.

चित्र्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ मासिक काढत. मर्ढेकरांची उंदरांची कविता त्याच मासिकात छापली गेली. कवितेतला बाप म्हणजे चरित्रातला बाप, असे मी म्हणत नाही. पण मराठीत रितेपणाला नवी भाषा मिळाली ती ज्या घरातल्या मासिकातून, त्याच घरातला मुलगा पुढे ही कविता लिहितो, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटते.

*

कंटाळलेला माणूस मोजतो. छताचे वासे, समोरच्या माणसाच्या सदऱ्याची बटणे. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त (१९७६) देऊळगाव सोडून स्टेशनकडे निघालेला माणूस असाच मोजत असतो: त्रेसष्ट पुजारी, त्यांची त्रेसष्ट घरे, तीनशे खांब, पाचशे पायऱ्या, अठरा कमानी. श्रद्धेने आलेल्याला या संख्या पुण्यासारख्या वाटल्या असत्या. याच्या तोंडी त्या हिशेबासारख्या येतात. मग वाटेत ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात, आणि पानावरची अक्षरे स्वतःच वरखाली उधळतात. सगळ्या संग्रहात छपाई अशी एकदाच बेभान होते. देवळात जे झाले नाही ते शेतात होते, आणि कवीला ते साध्या ओळींत मावत नाही.

*

त्यानंतर ‘जेजुरी’चा शेवट: रेल्वे स्टेशन, सहा छोट्या कवितांत. गाडी कधी येणार कुणाला माहीत नाही. इंडिकेटर, स्टेशनवरचे कुत्रे, चहाची टपरी, स्टेशनमास्तर, नवस, मावळता सूर्य. ओळी बारीक, विरामचिन्हे गायब. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे एकमेकांत मिळवले तर बेरीज शून्य भरते, एवढे तिथे वेळेचे मोल.

पण मला पुन्हा पुन्हा खेचते ती नवसाची कविता. घड्याळापुढे बोकड कापीन, रुळावर नारळ फोडीन, स्टेशनमास्तरला दुधाने न्हाऊ घालीन, बुकिंग क्लार्कला सोन्याची खेळण्यातली गाडी देईन. फक्त पुढची गाडी कधी आहे ते कुणीतरी सांगा. खंडोबाच्या गावात नवसाचा साचा काही शोधावा लागत नाही. पायरीपायरीवर तो बोलला जातो. कोलटकर तो साचा शब्दशः उचलतात आणि त्याच्या तोंडाशी वेळापत्रक ठेवतात. मर्ढेकरांनी अभंगाचे केले ते कोलटकरांनी नवसाचे केले, तेही इंग्रजीतून. नवस बोलायला समोर ऐकणारा लागतो. इथे बोलणारा एवढा कासावीस आहे आणि फलाटावर त्याचे ऐकणारे कुणी नाही.

चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याने मौनव्रत घेतले आहे, हाही त्यातलाच भाग. कुणी उत्तर देत नाही या साध्या वैतागाला कोलटकर व्रताचे नाव देतात.

*

कोरी जागा हे रितेपणाचे सर्वांत स्वस्त साधन. पानावर चार शब्द विखुरले आणि खाली अर्धे पान मोकळे सोडले की पोकळी झाली, असे मानणाऱ्या कविता बऱ्याच आहेत. मोकळी जागा बोलते ती आधी काही भरलेले असेल तरच. कोलटकरांची विखुरलेली अक्षरे आधीच्या नेटक्या, आखूड ओळींमुळे उडतात. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूतही मोकळीक आहे, पण तिचा स्वभाव वेगळा. तिथे पाहणारा जागा असतो.

*

शेवटी पुन्हा विंदा, पण ‘झपताल’मधले. पहाटे उठून रात्रीपर्यंत घरात राबणारी बाई. पाळणा, चूल, दोरीवर वाळणारी बाळाची वस्त्रे, पाहुण्यांचे स्वागत, वाढणे, भरवणे, साठवणे. कामांची यादी ‘तेच ते’इतकीच ठरीव आहे, किंबहुना जास्त. ‘असतेस’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. यमकाचा आधार फारसा नाही, ओळी गद्याच्या जवळच्या. आणि या कवितेत कंटाळा औषधालाही नाही.

कारण ती कुणाशी तरी बोलते. ‘तेच ते’मध्ये ‘तू’ नाही. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘तू’ आहे. एकच कवी, तसाच दिवस, तशीच आवर्तने. जात्यावरच्या ओवीत जे दिसले तेच इथे दिसते. फरक असा की ओवीत राबणारी बाई स्वतः बोलते, इथे तिच्याकडे पाहणारा बोलतो. तिला स्वतःला कंटाळा येत होता का, हे कविता सांगत नाही. तो प्रश्न आज वाचताना मनात येतो, आणि तो दडपून वाचू नये असे मला वाटते.

झपताल दहा मात्रांचा: दोन, तीन, दोन, तीन. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर टाळी, सहावीवर खाली. तिथे टाळी वाजत नाही, हात नुसता उलटा होतो; पण ती मोकळी मात्रा मोजली नाही तर पुढची समच सापडत नाही. कवितेच्या अखेरीस विंदा दहा फुटांची खोली आणि चोवीस मात्रांचा दिवस यांची गाठ घालतात. दहा-दहाची दोन आवर्तने झाल्यावर चोवीसातल्या चार मात्रा उरतात. गणिताने दिवस समेवर येत नाही, अधांतरी राहतो. ती बाई तो रोज चपखल बसवते, आणि हे तिला कसे साधते ते आपल्याला अजून समजलेले नाही असे तिलाच सांगून विंदा थांबतात.